डावा कौल

वसतिगृह, चहामळा वस्ती, आसाम
९ ऑगस्ट २०२४

ती. गंगाबाय हिस,
धाकट्या शालूचा शि. सा. न. वि. वि.

इथे येऊन अडीच महिने झाले. पहिलं वर्षभर घरी फोन करायचा नाही, मन तिकडेच ओढ घेतं, असा मंडळाचा नियम आहे हे तुला निघतानाच सांगितलं होतं. तू तेव्हा विचारलं होतंस की हे सेवामंडळ आहे की मुलांचं बोर्डिंग. आता बासष्टाव्या वर्षी पत्रं लिहायची सवय नव्याने लावून घेते आहे, अक्षराला हसू नकोस.

जागा चांगली आहे. मळ्यात राबणाऱ्यांच्या मुलींचं वसतिगृह, शेजारी पत्र्याचं प्रार्थनामंदिर आणि मागे दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. मुली एकतीस आहेत. हे सकाळी त्यांना गणित शिकवतात आणि संध्याकाळी वस्तीत घरोघर जाऊन गीतेचे श्लोक आणि सद्गुरूंच्या गोष्टी सांगतात. यांचं हिंदी ऐकून मुली तोंडावर ओढणी धरतात. मी स्वयंपाकघर बघते. नारळ मिळत नाही, आमटीत घालायची आंबट सोलं कोणाला ठाऊकसुद्धा नाहीत, आणि मोहरीच्या तेलाच्या वासाने पहिला महिना माझं डोकं उठलेलं होतं.

दिवस कामात जातो, पण बोलायला कोणी नाही. मुलींची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. परवा भांडी घासणाऱ्या बाईला मी आमच्या नातीच्या, तनयाच्या, खोड्या मराठीतच सांगत बसले. ती बिचारी मान डोलावत राहिली.

माझ्या सुदेशकडे अधूनमधून जाऊन ये. विमानतळावर त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. क्षमा एकटी घर आणि लेक किती सांभाळणार. तनया आठवण काढते का ते बघ, पण मुद्दाम काढायला लावू नको. यांना तीन दिवस कणकण आहे, पावसात भिजल्याने असेल.

लांब गेले म्हणून माझ्या वाटणीची माया दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नकोस.

तुझी,
शालू

आमोणे, डिचोली
२८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. शालू हिस,
गंगाबायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन विचारत होता की आजकाल पत्र कोण लिहितं. मी त्याला सांगितलं की बहिणीने संन्यास घेतला आहे, तोही नवऱ्यासकट.

आयतवारी इब्रामपूरला गेले होते. बस हळर्णापर्यंतच मिळाली, पुढे सुदेश गाडी घेऊन आला. घर नीट आहे. क्षमाने चवथीचं सामान भरलं आहे. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी यंदा कोण बांधणार म्हणून मी विचारलं तर सुदेश उठून बाहेर गेला, कारण आजवर ते काम मास्तरांचं. तनया तुम्हाला विसरली असं लिहिलं तर तुला बरं वाटेल की वाईट, ते मला ठरवता येईना, म्हणून खरं तेच लिहिते. ती रोज तुमच्या खोलीचं जनेल उघडून आत बघते.

सुदेशचा राग गेलेला नाही. साठी उलटल्यावर आईबापाने दुसऱ्यांच्या मुली सांभाळायला जावं हे त्याला तेव्हाही पटलं नव्हतं. पण देवीने उजवा कौल दिला म्हटल्यावर तो काय बोलणार होता. मीही त्याचसाठी गप्प बसले. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची आधी पडली म्हणजे देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यावर आपल्याकडे कोणी तोंड उघडत नाही.

आता मला एक सांग. कौलाचा विषय निघाला की तू जायच्या आधीही मान खाली घालायचीस. आणि लग्न होऊन इब्रामपूरला गेल्यापासून देवीला नमस्कार लिहिल्याशिवाय तू मला चिठ्ठीसुद्धा धाडली नाहीस. या पत्रात तिचं नाव नाही. तुझं पोट दुखलेलं आईच्या आधी मला कळायचं. काय असेल ते लिही.

मास्तरांना डॉक्टरला दाखव, काढ्यावर भागवू नको.

रागावते आहे म्हणजे अजून जीव आहे तुमच्यावर, असं समजून असा.

गंगाबाय

वसतिगृह, आसाम
३ ऑक्टोबर २०२४

ती. गंगाबाय हिस,
शालूचा शि. सा. न.

यांची ती कणकण जाऊन येऊन होतीच, शेवटी मलेरिया निघाला. नऊ दिवस इस्पितळात होते. चवथीच्या दिवशी शुद्धीवर नव्हते. आता घरी आणलं आहे, पण भिंतीला धरून चालतात.

तू विचारलंस म्हणून लिहिते. वाचून फाडून टाक. देवीने उजवा दिला नव्हता. डावा दिला होता.

त्या दिवशी यांना मंडळाच्या कागदांसाठी पणजीला जावं लागलं, म्हणून मी एकटीच देवळात गेले. रघुनाथभटांनी गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभी होते आणि मनातून डावाच मागत होते. मला घर सोडायचं नव्हतं, बाय. तनयाची वेणी घालायची, दुपारी ओट्यावर बसायचं, तुझ्याकडे यायचं, एवढंच हवं होतं. आणि डावी पाकळी पडली, लगेच पडली. मला इतका आनंद झाला की माझीच लाज वाटली.

घरी येताना मात्र यांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी हे मंडळाचे प्रचारक व्हायला निघाले होते. मामंजींनी अडवलं आणि माझ्याशी लग्न लावून दिलं. यांना अडकवायला आणलेली बाई, असं मला कोणी म्हटलं नाही, पण चाळीस वर्षांत मी ते विसरलेही नाही. आता कुठे वाट मोकळी झाली होती, तीही माझ्याच तोंडून बंद व्हायची. संध्याकाळी हे आले, चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं. मी उजवा म्हणून सांगितलं. हे चपलांसकट तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

मी देवीला खोटं पाडलं आणि शिक्षा हे भोगत आहेत. सांगावं तर देवीचा शब्द मोडून हे इथे एक दिवस राहणार नाहीत, जन्मभर जपलेली इच्छा माझ्या पापापायी जाईल. न सांगावं आणि यांना पुन्हा काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू. मला काही सुचत नाही. तू सांगशील ते करीन. यांना कळू देऊ नको.

तुझ्या पायाशी जागा राहू दे.

शालू

वसतिगृह, आसाम
७ ऑक्टोबर २०२४

ती. गंगाबाय यांस,
नारायणचा सा. न. वि. वि.

हात कापतो, तेव्हा अक्षर मास्तरचं वाटणार नाही. शालिनी बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो. तिला कळवू नये ही पहिली विनंती.

निघायच्या आदल्या दिवशी मी देवीला नारळ ठेवायला गेलो होतो. रघुनाथभटांनी विचारलं की डावा कौल होऊनही निघालात, तर पुन्हा एकदा कौल लावून बघायचा का. देवीने डावा दिला होता हे मला तेव्हा कळलं. त्यांना नको म्हणालो आणि ही गोष्ट कोणाकडे काढू नका असं सांगून घरी आलो.

तुमच्यापासून लपवत नाही. कौल लावायची कल्पना माझीच, आणि ती मी सुटण्यासाठी काढली होती. तरुणपणची इच्छा निवृत्तीनंतर बोलण्यापुरतीच उरली होती. एका सभेत भरात येऊन बोलून गेलो, मंडळाने तिथल्या तिथे नाव लिहून घेतलं. मग भीती वाटायला लागली, पण दिलेला शब्द मागे घ्यायचीही लाज वाटत होती. देवी डावा देईल आणि मी मानाने घरी राहीन, असा माझा हिशेब. शालिनीने उजवा सांगितला तेव्हा तो हिशेबच चुकला, मी पायरीवर बसलो.

खरं कळल्यावर मी असं धरलं की या बाईने चाळीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही. ती देवीच्या नावाने खोटं बोलते, म्हणजे तिला किती जायचं असेल. माझी आई, चूल, मग सून, नात, यातून एकदा तरी बाहेर पडायचं असेल. तेवढं तिला मिळावं म्हणून मी आलो.

पण ती इथे सुकत चालली आहे. माझ्या उशाशी बसून रडायची, मी झोपलो आहे असं समजून. मी विचारलं तर तिचं खोटं उघडं पडेल आणि ती शरमेने मरेल. तुम्ही मोठ्या आहात, तिच्या मनात काय आहे ते युक्तीने काढून घ्या.

कृपा आहे ती असू द्यावी.

आपला,
नारायण

आमोणे
२५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शालू आणि नारायण मास्तर, दोघांस आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी एका जागी बसून वाचायचं.

एकाच आठवड्यात तुम्हा दोघांची पत्रं आली. दोघांनीही दुसऱ्याला सांगू नको म्हणून बजावलं आहे. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी दोन्ही पत्रं या पाकिटात घातली. शालूचं मास्तरांनी वाचावं, मास्तरांचं शालूने. मी विश्वासघात केला असं वाटलं तर खुशाल म्हणा, मी मोठी आहे, ऐकून घेईन.

इब्रामपूरला जाऊन रघुनाथभटांना विचारलं की देवी कोपली आहे का. ते म्हणाले की देवीला सल्ला विचारला, तिने तो दिला. न ऐकणाऱ्याच्या मागे ती आसामपर्यंत डास घेऊन जात नाही. मी देवीपुढे तेल घातलं आणि शालूच्या वतीने कान धरले. तो भार आता उतरव.

मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. एका घरात चाळीस वर्षं राहून तुम्ही एकमेकांना साधं विचारलं नाहीत. देवीला मध्ये घातलंत, मग मला घातलंत. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना विचारायचं किती राहून गेलं ते मला आता कळतं. तुमची माणसं समोर आहेत. विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या.

तुम्ही कसेही वागलात तरी आमोण्याचं दार उघडंच आहे.

गंगाबाय

वसतिगृह, आसाम
१६ नोव्हेंबर २०२४

ती. गंगाबाय हिस,
शालूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. तू म्हटलंस तसं एका जागी बसून वाचलं. नंतर दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. माझ्या हातून डाळीत मीठ पडायचं राहिलं, मुली तशीच जेवल्या.

तिसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले आणि मला काय हवं आहे असं त्यांनी विचारलं. लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी खूप रडले आणि मग सांगितलं की मला घरी जायचं आहे. देवीने सांगितलं म्हणून नाही, मला हवं आहे म्हणून.

मला वाटलं, आता हे लगेच ट्रंक काढतील. यांनाही यायचं नव्हतंच ना. पण हे पाटावरून न उठताच म्हणाले की त्यांना राहायचं आहे. आले ते मन मारून, पण आता मन लागलं आहे. आजारातून उठून पहिल्यांदा वर्गात गेले तेव्हा एकतीसच्या एकतीस मुली पाढे पाठ करून बसल्या होत्या. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण आपली अशी वाट कोणी पाहिली नव्हती, असं ते सांगत होते. सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता इतका उजळला होता. मी म्हटलं तर ते माझ्याबरोबर येतील, हेही त्यांनी सांगितलं, आणि मला माहीत आहे, ते आले असते.

मी म्हटलं नाही. आणि मीही आनंदाने राहते असंही म्हटलं नाही. आधीची मी असते तर तेच म्हटलं असतं. मागच्या दारी जाऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासली.

मंडळाने यांना एकट्याने राहायला परवानगी दिली आहे. त्या भांडीवाल्या बाईलाच मी पेज करायला आणि यांच्या गोळ्यांच्या वेळा शिकवते आहे. यांनी माझी बॅग स्वतः भरली, प्रवासात लागेल ते वर ठेवलं. आमचं भांडण नाही, बाय. इतक्या जपून आम्ही एकमेकांशी कधी वागलो नव्हतो. तेच मला सोसत नाही.

तीस तारखेला मी थिवी स्टेशनवर उतरेन. सुदेशला एवढंच सांग की आई येते आहे. कौलाचं त्याला मी स्वतः सांगणार आहे. गावात सगळे आधी विचारतील ते मास्तर कुठे म्हणून. त्याचं उत्तर मी इथे एकटी असताना म्हणून बघते. ते तिकडेच राहिले, इथपर्यंत नीट म्हणता येतं. त्यांना तिथेच राहायचं आहे, हे म्हणायची वेळ आली की मी उठून मागच्या दारी जाते.

आल्यावर थोडे दिवस मला काही विचारू नकोस, नुसती जवळ बस.

तुझी,
शालू