दुर्बिणीआधीचं गाळीव जेवण

राहनाळ, मंगळवार

ती. शेवंताताईस,

रवींद्रचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे, दाजींची साखर आणि तुमची म्हैस ही सगळी ठीक असतील अशी आशा करतो. माझं विचारशील तर मी जिवंत आहे, पण त्यात उत्साह असा काही उरलेला नाही. पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

गेले चार महिने माझं रक्त जातंय हे तुला ठाऊक आहेच. तू मूळव्याध म्हणालीस, गोदामातल्या हमालांनीही मूळव्याधच ठरवली आणि समोरच्या कोंडूमामांनी तर कसला तरी पाला वाटून आणला. पण आपले बाबा पोटाच्या अशाच दुखण्याने गेले हे ऐकल्यावर भिवंडीच्या डॉक्टरांनी पाला बंद केला आणि आतड्यात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. (कुठून घालतात ते लिहीत नाही. पत्र दाजीही वाचतात.)

आतडं स्वच्छ असलं तरच आत काही दिसतं, म्हणून खाण्याचा एक कागद मिळाला. आधी दोन दिवस मऊ पांढरा भात, दही, उकडलेलं अंडं. पालेभाज्या, बिया, साली, शेंगदाणे सगळं बंद. आदल्या दिवशी तर नुसतं पाण्यासारखं पातळ, गाळलेलं: नारळपाणी, बिनदुधाचा चहा, डाळीवरचं पाणी. आता आपल्यात आजाऱ्याला उपाशी ठेवलं तर आळी बायकोला नावं ठेवते. धम्मदिनाने कागद वाचला, कपाळाला हात लावला आणि स्वतःचा नियम काढला, की पंचातून जे खाली पडतं ते पाणी. मग तिने कोंबडीचा रस्सा गाळला, सुकटीचं कालवण गाळलं, मेथी उकडून तीही पिळून काढली. पंचा पिवळा झाला, मी पांढरा पडलो. कोंडूमामा ओट्यावर बसून प्रत्येक पेल्याला म्हणायचे, “आरं, यात काय दम न्हाय. भाकर दे त्याला, डागदरला काय कललाय!” (मेथीबद्दल मात्र त्यांचं म्हणणं बरोबर होतं.)

तेवढ्यात तुझा फोन. कोकमाच्या आगळाचं सरबत दे, पोट थंड राहतं. तूच मे महिन्यात धाडलेली बाटली निघाली. दोन दिवसांत तोंडाला चव आली ती तेवढीच, म्हणून मी चार पेले प्यायलो. त्यावर पोट साफ व्हायची पावडर, तीन लिटर पाण्यात, चव समुद्राची. पुढचं सांगत नाही. पाचव्या खेपेनंतर मी दाराची कडी लावणं सोडून दिलं.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, शेवटी काय रंगाचं पाणी पडलं? मी म्हटलं, लाल. ती उठून आत गेली आणि पाच मिनिटांनी डॉक्टरांना घेऊन बाहेर आली. ताई, त्या पाच मिनिटांत बाबांची ती शेवटची खाट मला समोर दिसली. मग डॉक्टरांनी काय काय प्यायलात म्हणून विचारलं आणि धम्मदिनाने मोठ्या अभिमानाने कोकमापर्यंत सगळी यादी म्हणून दाखवली. कागदाच्या मागे छापलं होतं, लाल-जांभळं काही पिऊ नये. मागची बाजू आमच्या घरात कोणी वाचत नाही. रक्त कुठलं आणि कोकम कुठलं हे कळणार नाही म्हणून डॉक्टरांनी मला तसाच परत पाठवला. आता पुढच्या गुरुवारी सगळं पहिल्यापासून.

दाजींना जय भीम सांग.

तुझा दमलेला भाऊ,
रवींद्र

ता. क. आगळाबद्दल मी रागावलेलो नाही. धम्मदिना थोडी रागावलीय.

ता. क. आणखी एक. काल दाजींचा फोन आला होता. दिवाळीपासून तुझंही रक्त जातंय आणि तू घरात कोणाला बोलू देत नाहीस, हे त्यांनी सांगितलं. (त्यांना ओरडू नकोस, ते रडत होते.) येत्या सोमवारी सकाळी दहाला याच डॉक्टरांकडे मी तुझं नाव लिहून आलोय. पडघ्याहून सकाळची एसटी पकड, मी नाक्यावर उभा राहीन. तू सोमवारी आली नाहीस, तर गुरुवारी मीही जाणार नाही.