हात न लावता चीज ढवळण्याविषयी

सालास्पिल्स, ९ जून १९७४

ती. झेल्मामावशीस,

इंडुलिसचा सादर नमस्कार. मी खुशाल आहे. तुझा खांदा काय म्हणतो? (काही चांगलं म्हणत नसणार, पत्रातल्या वाकड्या अक्षरावरूनच कळलं.) उजवा हात वर जात नाही, चीज ढवळता येत नाही, म्हणून यंदा २३ जूनला यानीच्या सणाला फाटकच उघडणार नाहीस, हे वाचून मला जेवण गेलं नाही. सगळं गाव गात गात येणार आणि तुझ्या फाटकाला कडी? तुझं शहाजिऱ्याचं चीज खाल्ल्याशिवाय आमचा उन्हाळा सुरूच होत नाही गं.

म्हटलं, आपण नोकरी तरी कशासाठी करतो? आमच्या प्रयोगशाळेत तारांच्या वेटोळ्यांचं एक मोठं कडं आहे. वीज सोडली की त्याच्या पोटात चुंबकाचा जोर गोल गोल फिरतो. आत वितळलेलं कथील ठेवलं, की ते आपोआप फिरायला लागतं, मधोमध खळगा पडतो. ना पळी, ना हात. असं फिरत फिरत थिजलेलं कथील कापून पाहावं तर आतला दाणा कसा बारीक, एकसारखा. (मी तासन्‌तास बघत बसतो. शेजारच्या टेबलावरची स्काइद्रीते म्हणते, "तू लग्न त्या कड्याशीच कर.") मग कथलाला जमतं ते दुधाला का जमू नये?

काल शनिवारी सगळे घरी गेल्यावर दूध, चक्का, अंडी, लोणी, शहाजिरं असं सगळं गरम करून हंडीतून आत ठेवलं आणि वीज सोडली. दूध ढिम्म हललं नाही. हंडीच फिरायला लागली. ॲल्युमिनियमची ना, तिच्यातून वीज वाहते, म्हणून फिरत्या चुंबकाने तिलाच ओढून नेलं. दुधातून वीज धड वाहतही नाही, त्याला कशाचं सोयरसुतक. हंडी धरून ठेवली तर आत सगळं गप्प. सोडली तर थोड्या वेळाने हंडी, दूध, चक्का अशी अख्खी वरात एकाच चालीने फिरते, ढवळलं काहीच जात नाही. खरं सांगतो, मला भारी मजा वाटली. मग सुचलं, लाकडी डाव आत उभा धरावा. लाकडाला चुंबक विचारत नाही. आणि मावशी, चक्का छान ढवळला जाऊ लागला.

तेवढ्यात विसरलेली छत्री न्यायला स्काइद्रीते आली. हंडीत डोकावून म्हणाली,

"म्हणजे डाव धरून तू उभा आहेसच."

"आहे."

"मग हाताचं काय वाचलं?"

उत्तर म्हणून मी वीज वाढवली. हंडी उडाली. चीज भिंतीवर, खिडकीवर आणि साहेबांच्या टोपीत (टोपी खुंटीवर होती, एवढं नशीब). आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत पुसत होतो.

तर चीज हातानेच ढवळावं लागतं, हे शास्त्राने सिद्ध झालं.

तुझा,
इंडुलिस

ता. क. २१ तारखेला सकाळच्या गाडीने येतो. ढवळीन मी, तू खुर्चीत बसून नुसतं रागवायचं. स्काइद्रीतेही येते आहे, म्हणते, याच्या हातात डाव देऊन कोणी लक्ष नको का ठेवायला?

ता. क. २. तुझी हंडी ईस्टरला मी कान बसवायला म्हणून नेली होती ना? कान अजून बसलेला नाही आणि आता बूडही चेपलंय. भिंतीवर आपटलेली हंडी तीच. शिव्या पत्रातून लिहू नकोस, खांदा दुखेल. समोरासमोर दे. तेवढ्यासाठी तरी फाटक उघड.