दाजींना सापडलेला वास

भालकी, मंगळवार संध्याकाळ, मार्च १९८४

अप्पांच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतो, म्हणून आठवडाभर मी तिच्यात डोकं घालून बसलोय. पंप बघितला, कार्बुरेटर उघडला, पुढच्या नळ्या बदलल्या. वास तसाच. आज दाजी अक्काला न्यायला उदगीरहून आले. त्यांनी डिकीतलं सामान काढलं, आत वाकून वास घेतला. टाकी भरायच्या तोंडाखालची रबरी नळी चिरलेली. झालं!

"तू इतके दिस काय करायलास? तुला कामून दिसलं न्हाई?" असं मला म्हणत अप्पांनी दाजींची पाठ थोपटली. माझी कधी थोपटलीय? आठवत नाही.

वर दाजी म्हणाले, "रघूनं पुढचं सगळं तपासलं व्हतं, म्हणून मी सरळ मागं बघितलं." फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं. मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. अप्पांचा तो हात काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

जेवताना अप्पांनी किल्ली माझ्याकडं सरकवली. "उद्या ह्यांना तूच सोडून ये." मला आनंद झाला, पण तो किल्लीचा नव्हता. दाजी जायलेत, याचा होता. अक्काही जाणार, हे नंतर लक्षात आलं.