लग्नाआधी टर्बो

२ फेब्रुवारी

आज ठरलं. गाडीला टर्बो बसवायचा. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गॅरेजमध्ये, कमी खर्चात. जास्त खर्चात कोणीही गाढव बसवेल.

कारण नोंदवून ठेवतो. लेकीचं लग्न २८ मार्चला, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. तिची एकच मागणी: घरापासून तिथपर्यंत माझ्या लाल टू-सीटरमधून जायचं, फक्त आम्ही दोघं. त्याच संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायला जाणार. रस्ता जेमतेम वीस मिनिटांचा. गाडी सहा सिलिंडरची, दिसायला अजूनही देखणी. पण मधल्या चढावर काल मला एका शाळेच्या बसने मागे टाकलं. मागच्या काचेतून पोरं जीभ दाखवत होती. असल्या लाचार गाडीतून लेकीला नेणार नाही.

६ फेब्रुवारी

हिला टर्बो समजावला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जातो. त्या धुरावर पंखा फिरवायचा, पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची, हवेबरोबर जादा पेट्रोल, की झाली जादा ताकद. फुकट! हिने विचारलं, फुकट होतं तर कंपनीनेच का नाही बसवला. असल्या प्रश्नांनीच जगाची प्रगती खुंटली आहे.

११ फेब्रुवारी

भंगारात टर्बो मिळाला. मालट्रकचा आहे. आकाराने कलिंगडाएवढा. भंगारवाल्याने विचारलं ट्रक कुठला, मी म्हटलं टू-सीटर. तो बराच वेळ हसला. भंगारात आयुष्य काढलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा नव्हती.

१२ फेब्रुवारी

इंटरनेटवरच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळे उंटावरचे शहाणे. एक म्हणतो टर्बो फार मोठा आहे, दुसरा म्हणतो हवा थंड करणारा इंटरकूलर लावा, तिसरा म्हणतो आधी इंजिन तपासून घ्या. यांच्या स्वतःच्या गाड्या फक्त फोटोत पळतात. ग्रुप सोडला.

इंटरकूलर लावणार नाही. पहाटे हवा तशीही थंडच असते.

१९ फेब्रुवारी

ऑफिसात एक क्लेम आला. इसमाने घरीच गाडीच्या इंजिनात फेरफार केले, इंजिन फुटलं, आता आमच्या विमा कंपनीने भरपाई द्यावी म्हणतो. मी शेरा मारला: मालकाचा निव्वळ मूर्खपणा, क्लेम नामंजूर. अशा लोकांच्या हातात पाना द्यायलाच बंदी हवी.

लवकर घरी आलो. पाना नवीन घ्यायचा होता.

१ मार्च

बोनेटखाली कलिंगड मावत नाही. खूप खटपट केली. शेवटी टर्बो पार खाली, चाकाजवळ टांगला. सुटसुटीत दिसतो. सुबक कामाची नजर असावी लागते.

४ मार्च

होणारा जावई जेवायला आला होता. दातांचा डॉक्टर. मी मनातल्या मनात त्याला दंतोबा म्हणतो. जेवण झाल्यावर आगाऊपणे गॅरेजमध्ये आला, गाडीखाली वाकून बघितलं. टर्बोत ऑइल कशाला जातं म्हणाला. पंख्याचा दांडा ऑइलवर फिरतो, मग ते ऑइल पाइपने इंजिनात परत जातं, असं मी शांतपणे सांगितलं. तर म्हणे, टर्बो खाली आणि इंजिन वर, मग ऑइल वर कसं चढणार? आमच्या दवाखान्यात पेशंट चूळ भरतो त्या बेसिनचा पाइपसुद्धा उताराचाच लागतो.

सहा सिलिंडरच्या गाडीची तुलना चूळ भरायच्या बेसिनशी! लेक त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. तिची निवड चुकली आहे, पण आता बोलून उपयोग नाही.

ऑइल चढेल. मागून दाब आला की सगळेच चढतात.

१३ मार्च, सकाळ

चालू झाली! पहिल्या फटक्यात.

१३ मार्च, दुपार

थोडा धूर येतो. निळसर. नवीन भाग एकमेकांना सरावताना येतोच. शेजारी खिडक्या लावून घेतो आहे. हा माणूस पाऊस नसतानाही छत्री घेऊन फिरतो, याच्याकडून हिंमतीची अपेक्षा नाही. त्याच्या बायकोने दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला नेले. उगाच नाटकं.

१७ मार्च

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. लक्ष विचलित होतं. वायर काढून टाकली. आता शांत वाटतं.

२१ मार्च, सकाळी साडेसहा

ट्रायल. चढाच्या पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. अर्धा चढ संपला तरी काही नाही. आणि मग एकदम पाठीमागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली. पाठ सीटला चिकटली. मी ओरडलो. या वयात असा ओरडलो! एक दूधवाला सायकलवरून उतरून बाजूला उभा राहिला. त्यानेही काय ते ओळखलं असणार.

ग्रुपवरच्या पंडितांनी हे बघायला हवं होतं. ग्रुप सोडला याची आज प्रथमच खंत वाटली.

परतताना इंजिनात थोडी खडखड. रेडिओ लावला की ऐकू येत नाही.

२३ मार्च

लेक गॅरेजमध्ये येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, उलट्या बादलीवर. म्हणाली, बाबा, गाडी पूर्वीसारखी करून टाका ना, मला हळू गेलं तरी चालेल. उलट हळूच जाऊ. मी म्हटलं, तुला कळणार नाही. ती म्हणाली, बरं. मग जरा वेळ बसली आणि आत गेली.

आतापासूनच दंतोबासारखी बोलायला लागली आहे. घाबरट घरात पडते आहे पोरगी. वाईट वाटलं.

२७ मार्च

गाडी धुतली. आरशासारखी चमकते. ही म्हणाली, ऑइल एकदा बघून घ्या, उद्या लेक बसणार आहे. मी म्हटलं, गेल्या आठवड्यातच भरलंय. रोज रोज ऑइल बघणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास. मग हिने, टॅक्सीचा नंबर फोनमध्ये घालून ठेवू का, असं विचारलं. मी बोनेट पुन्हा पुसायला घेतलं. चाळीस माणसांची जेवणं सांगितलेल्या बाईचं डोकं ठिकाणावर नसतं.

२८ मार्च, संध्याकाळ

लग्न झालं.

सकाळी लेक शेजारी बसली. पांढऱ्या साडीत. ओळखू येत नव्हती. मला खूप काही बोलायचं होतं, ते चढ ओलांडल्यावर बोलू असं ठरवलं. आधी चढ.

पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबला. धूर आला. आधी मागे, मग बोनेटमधून, मग आत. लेक खोकायला लागली. मी म्हटलं, आता बघ, आता पकडेल. मग रेडिओच्याही वर ऐकू येईल असा आवाज झाला आणि इंजिन थांबलं. कायमचं. टर्बोने सगळं ऑइल जाळून टाकलं होतं. टोपण उघडून बघितलं, आत कोरडं.

साडीवर काळे ठिपके. ती रडली नाही. ते जास्त लागलं. तिने नवऱ्याला फोन केला. तो आला, त्याच्या राखाडी डबडा गाडीतून, लग्नाच्या कोटात. रस्त्यावर आडवा होऊन गाडीला दोर बांधला. कोट मळला. मला वाटलं होतं हा माणूस मला हसेल. मी असतो तर हसलो असतो.

लेकीने विचारलं, बाबा, मी तुमच्याजवळच बसू का? मीच म्हटलं, पुढच्या गाडीत बस, इथे धूर आहे.

जावयाने सांगितलं, दोर ढिला पडू देऊ नका, ब्रेकवर पाय ठेवा. मी ठेवला. वीस मिनिटांच्या रस्त्याला जवळजवळ तासभर लागला. पुढच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. दोनदा ती मागे वळली आणि हात हलवला. मलाही हलवायचा होता. पण इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग इतकं जड होतं, की दोन्ही हात त्यावरच ठेवावे लागतात.