मागच्या फाटकाचा वारस

मी खाली सही करणारी, धंद्याने शिवणकाम करणारी, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून, माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्या गुडघ्यांबद्दल त्या जे बोलल्या ते जोडलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर, दुकानाच्या खोलीसह आणि वरच्या खोलीसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. जावयांना वरची खोली आवडते, त्यांनी ती खुशाल वापरावी. तिच्या खिडकीत मात्र कपडे वाळत घालू नयेत. त्या खिडकीतून टेकडी दिसते.

कलम २. बँकेतील ठेव आणि कपाटातील दागिने मुलीलाच. दुकानात शिवून पडलेले कपडे ज्यांचे त्यांनी घेऊन जावेत. मधल्या काळात ज्यांची मापे वाढली असतील त्यांनी मला नावे ठेवू नयेत.

कलम ३. शिवणयंत्र मुलीला देत नाही. तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही आणि आता येईल अशी आशा नाही. यंत्र दर रविवारी टेकडीची वाट राखणाऱ्या मंडळींना, म्हणजे रविवारच्या मंडळींना, द्यावे. त्यांना हातमोजे आणि माती वाहायच्या पिशव्या सतत लागतात. यंत्राला तेल देण्यात हयगय झाली तर मी जिथे असेन तिथे मला कळेल.

कलम ४. आता खरी गोष्ट. घरामागे माझ्या मालकीची, गाडी जेमतेम जाईल एवढी, जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या टोकाला लोखंडी फाटक, आणि फाटकापलीकडे टेकडी. टेकडी पालिकेची, म्हणजे सगळ्यांची. वर दाट झाडी आहे, ससे आहेत, एक लहानसे तळे आहे. कॉलनीतून वर जायला हीच जवळची वाट. दुसरी जुन्या खाणीच्या बाजूने जाते, ती इतकी लांबची आणि काटेरी की तिकडे कोणी फिरकत नाही. माझे फाटक बंद झाले तर महिन्या-दोन महिन्यांत वाटेवर गवत माजेल आणि इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल. माझ्या जिवाला घोर आहे तो एवढाच.

माझा पुतण्या जागांची दलाली करतो. तो विचारपूस करायला येतो तेव्हा त्याच्या खिशात मोजायचा टेप असतो. गेल्या खेपेला चहा संपायच्या आत तो मुद्द्यावर आला.

"काकू, पट्टीसकट घर दिलंत तर बिल्डर आख्खी गल्ली घ्यायला तयार आहे. नुसत्या घराला कोण विचारतंय?"

"कोणी विचारू नये म्हणूनच मी त्यात राहतेय," मी म्हटले.

"आज ना उद्या विचार करावाच लागेल तुम्हाला."

तो विचार मी केला आहे, तो असा. ही पट्टी मी माझ्या शिवणकामाच्या कमाईतून, माझ्या नावावर घेतलेली आहे. ती वडिलोपार्जित नाही, पुतण्याचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. मुलीला विचारले. ती म्हणाली, "आई, पट्टी मला दिलीस तरी मी मंडळींनाच देणार. मधला हेलपाटा कशाला?" म्हणून ही पट्टी, फाटकासह, रविवारच्या मंडळींच्या नोंदणी झालेल्या संस्थेला कायमची द्यावी. अट एकच: दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत फाटक उघडे राहावे. पुतण्याला त्याचा टेप ठेवून घेण्याची मुभा आहे.

कलम ५. रविवारची मंडळी म्हणजे कोण, हे संस्थेच्या कागदांवरून कळणार नाही, म्हणून येथे लिहून ठेवते. आमचे हे रस्तेबांधणीवर मुकादम होते. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात बसवेना. टेकडीवरची पाऊलवाट काट्याकुट्यांनी भरलेली बघून त्यांनी एका रविवारी कुदळ उचलली. पुढच्या रविवारी शेजारपाजारचे आले. मग पाठीला पट्टा बांधलेलेही यायला लागले. ह्यांनी सगळ्यांना कामाला लावले आणि मनापासून काम केले, आणि तिथेच घोटाळा झाला. आयुष्यभर रस्ते बांधलेल्या माणसाच्या हातून पायवाट होईनाच. वाट सरळसोट झाली, रुंद झाली, सपाट झाली. दोन्ही कडांना दगड लावून त्यांना चुना फासला. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. वाकडी वळणे काढून टाकली म्हणून ह्यांची पाठ थोपटली, त्यात मीही होते.

पहिल्याच पावसाळ्यात त्या सरळ वाटेवरून पाणी धावत खाली आले आणि अर्धी माती माझ्या पट्टीत आणून टाकली. हे म्हणाले, खडी घालू. त्याच सुमारास आमचे शेजारी पालिकेत गेले.

हे शेजारी म्हणजे हरकतीचे काका. हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले. कॉलनीच्या सभेत कुठल्याही ठरावाला पहिला हात त्यांचा वर जातो आणि तो हरकतीसाठीच असतो. फाटकातून जाणारी माणसे त्यांच्या झोपायच्या खोलीजवळून बोलत जातात, ही त्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. माझ्याशी भांडून, "तुमच्या या फाटकातून मी जन्मात पाऊल टाकणार नाही," असे म्हणून ते गेले आणि पालिकेकडे अर्ज करून आले: टेकडीवर रस्ता झाला आहे, वर्दळ वाढली आहे, चौकशी व्हावी. पालिकेची माणसे आली. रुंद, सपाट, चुना मारलेली वाट पाहिली आणि नकाशावर लिहून टाकले: रस्ता. रस्ता आहे म्हटल्यावर डांबर आले, डांबर म्हटल्यावर वर गाड्यांचा तळ आला, तळ्याकाठी खाण्याच्या गाड्या आल्या. कागदावर हे सगळे आले, आणि मग तपासणीची नोटीस आली. वाहन वर जाऊ शकते का, एवढेच बघायला अधिकारी यायचे होते. मध्ये आठवडा होता.

मंडळी माझ्या दुकानात जमली. सगळ्यांची तोंडे उतरलेली. मी ह्यांना स्पष्ट सांगितले, "अहो, कापड सरळ असतं, अंग सरळ नसतं. तुम्ही टेकडीला कापड समजलात. मला खडू द्या."

हे तो अख्खा दिवस घरातच बसून राहिले. स्वतःच्या हाताने बांधलेले मोडायचे होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाहेर आले आणि चुन्याचा पहिला दगड त्यांनीच पहारीने उपटला. मग काय विचारता, सगळी कॉलनी लोटली. कामावर रजा टाकून माणसे आली. मी खडूने खुणा करत पुढे, पहारी-फावडी मागे. झाडाला वळसा, उताराला वळण, जिथे चढ अंगावर येतो तिथे दगडाच्या पायऱ्या. पाणी बाजूला काढायला प्रत्येक वळणावर आडवी दगडी ओळ आणि बाहेर नाली. टेकडीला जशी वाट हवी होती तशी ती शेवटी झाली.

अधिकारी जीपने आले. पहिल्या वळणाशी गाडी थांबली, दुसऱ्या खेपेला मागे घसरली, तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, इथनं बकरीच जाईल." साहेब बूट सावरत चालत वर गेले, तळ्यापाशी बराच वेळ बसले, आणि खाली येऊन शेऱ्यात लिहिले: पायवाट, वाहनास अयोग्य. त्या दिवशी आम्ही गल्लीत ताटल्या वाजवल्या. ह्यांनी मला सगळ्यांसमोर म्हटले, "मुकादम तू." ते वाक्य माझ्या स्त्रीधनात धरावे. ते मी कोणाला देत नाही.

कलम ६. ह्यांची पहार, कुदळ, कोयता आणि घमेली मंडळींना द्यावीत. पहार हे गेल्यापासून दाराआड उभी असते आणि मी येता-जाता तिला हात लावते. तिला गंजू देऊ नये. माझी पत्र्याची झारी जो कोणी पुढे मुकादम होईल त्याला. झारीचा नियम पाळावा: रविवारी कामाला लागण्याआधी प्रत्येक वळणावर झारीभर पाणी सोडायचे आणि बघत उभे राहायचे. पाणी वाटेवर रेंगाळले की तिथे काम आहे. नालीतून निघून गेले की पुढे चालायचे. आपले मत कोणी सांगायचे नाही, पाणी सांगते. सगळ्यात वरच्या वळणावर पाणी कधीच रेंगाळत नाही, वर्षानुवर्षे नाही. ते वळण ह्यांनी शेवटचे बांधले होते. ती त्यांच्या हाताची करामत, असे मी सगळ्यांना सांगत आले.

कलम ७. ~~हरकतीच्या काकांना मी काहीही देत नाही.~~

वरचे वाक्य मीच खोडले आहे आणि बाजूला सही केली आहे. कारण लिहिणे भाग आहे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. वाटेवर घाम गाळलेला माणूस नको, वाटेवर ज्याचा जीव नाही असा माणूस आणा, असे ते म्हणाले. मी गल्लीत हिंडले. वाण्याने पायऱ्यांचे दगड वाहिले होते. पोस्टमन पहाटे वर जातो आणि नाल्या बघतो. माझ्या दाताच्या डॉक्टरनेसुद्धा रजा टाकली होती, आणि तेव्हापासून दात काढताना मला पायऱ्यांबद्दल सांगतो. शेवटी एकच नाव उरले. ज्याने जन्मात पाऊल टाकणार नाही असे सांगितले होते तो. मी मनातल्या मनात खूश होऊन आज दुपारी हरकतीच्या काकांना बोलावले.

ते आले, खुर्चीत बसले, कलम एक ते सहा नीट वाचले. सवयीने दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. मग पेन खाली ठेवले.

"मला सही करता येणार नाही."

"का? हरकत आहे?"

"आहे. कलम सहा चुकलंय. ती करामत मुकादमांच्या हाताची नाही." ते चष्मा पुसत बसले. "पाला अडकतो तिथं. तो मी काढतो रोज, काठीनं."

"पण तुम्ही तर कधी फाटकातून…"

"फाटकातून नाही गेलो. खाणीकडून जातो. बोललो होतो ते बोललो होतो." मग खाली बघून म्हणाले, "अर्जात रस्ता असं मीच लिहिलं होतं. तुम्ही सगळे राबत होता तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. यावंसं वाटत होतं, तोंड नव्हतं. जीप परत गेली त्या दिवशी घरात दार लावून मीपण ताटली वाजवली."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षे काटे तुडवत, लांबच्या वाटेने टेकडी चढून आमची नाली साफ करत होता, आणि मी त्याचे श्रेय नवऱ्याला देत होते. मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू आले. ते घाबरून पाणी आणायला उठले.

म्हणून सुधारित कलम ७: मागच्या फाटकाची किल्ली हरकतीच्या काकांना द्यावी. सकाळी उघडणे आणि संध्याकाळी लावणे त्यांच्याकडे. त्यांच्या खिडकीजवळून जाताना मंडळींनी आवाज कमी करावा. पट्टीबाबत पुतण्याने किंवा कोणी बिल्डरने काही खटपट केल्यास त्यावर हरकत घेण्याचे सर्व अधिकार काकांना राहतील. त्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही.

कलम ८. माझ्या नावाचा दगड, पाटी, बाक, काही नको. वरच्या वळणावर झारीभर पाणी सोडावे आणि ते कुठे जाते बघावे.

अशा रीतीने, या कॉलनीत वाटेशी काही संबंध नसलेला माणूस शोधूनही सापडला नाही, हे मी अभिमानाने नमूद करते. साक्षीदार बाहेरून आणावे लागले. दोघांनाही यातून काही मिळत नाही. वरील सर्व मी लिहिले, वाचले, पुन्हा वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: दुकानाची खोली, मागचे दार उघडे.
दिवस: रविवार, काम आटोपल्यावर. तारीख शिक्क्यात आहे.

लिहून देणार: (सही) कॉलनीच्या शिवणवाल्या काकू, मुकादम

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टरीणबाई, बाजारातला दवाखाना. सगळ्यांना चालायला सांगतात, स्वतः कधी वर गेलेल्या नाहीत.

साक्षीदार दुसरा: (सही) पालिकेचे निवृत्त अधिकारी, ज्यांची जीप पहिल्या वळणाशी अडली होती. त्यानंतर इकडे फिरकले नव्हते.

टीप, सह्या झाल्यावर: दोन्ही साक्षीदारांनी तळे बघायचे म्हटले. त्यांना फाटक हरकतीच्या काकांनी उघडून दिले, आणि ते स्वतःही त्यातूनच गेले.