विमानतळावरचा डावा हात

ग्रां योफ, डाकार

प्रिय रुक्सांद्रा,

सव्वा वर्ष झालं, तुझी एक ओळ नाही. नववर्षाला मी कार्ड टाकलं, बकरीदीला टाकलं. हूं नाही की चूं नाही. मी आपली मनाची समजूत घातली, की बुखारेस्टला काम पडलं असेल, लग्नबिग्न ठरलं असेल, दूतावासाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला कोण कशाला विचारतंय! पण गेल्या गुरुवारी तुझ्या जागी आलेला द्रागोश घरी आला. मासेभात पोटभर जेवला, चहाच्या तिन्ही फेऱ्या झाल्या, आणि तिसरा गोड पेला संपवून हळूच म्हणाला, "अन्सूकाका, रागावू नका, पण विमानतळावर सगळ्यांसमोर तुम्ही तिला डावा हात दिलात म्हणे. तिला फार लागलंय ते." वर हेही सांगून टाकलं, की तुझं सरकार तुला राजदूत करून इथेच पाठवतंय, महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय, आणि तू मात्र नाही म्हणून बसली आहेस. का, तर ज्या गावात अन्सूकाकाने आपला अपमान केला, तिथे पुन्हा पाऊल ठेवायचं नाही! अगं पोरी, काय हे!

चूक माझीच आहे, तुला अर्धंच शिकवलं. आठवतं, पहिल्याच आठवड्यात आमच्या घरी एका ताटात जेवायला बसलो होतो आणि तू डाव्या हाताने पाव पुढे केलास? मी चापट मारली होती तुझ्या हातावर. "डावा हात धुण्याधाण्याचा, माणसाला द्यायचा नाही," असं दरडावलं होतं. सरकारी बाईला ड्रायव्हरने चापट मारली म्हणून माझी बायको भीतीने गारठली, आणि तू खो खो हसत सुटलीस. तेव्हाच मी ठरवलं, ही आपली आहे. म्हणून तर तुला सार हे आडनाव दिलं. सार म्हणजे सेरेर जमातीची, मी बाद्जी म्हणजे जोला जमातीचा. दोघांचं पिढ्यान् पिढ्या थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, राग मात्र मानायचा नाही. मला तुला फुकटात चिडवता यावं एवढाच माझा मतलबी हिशेब होता. त्याचा देशाला उपयोग होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या शिक्षण खात्यातला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमची चाळीस मुलं तुमच्या विद्यापीठांत शिकायला जायची होती आणि तीन महिने फाईल हलत नव्हती. तुमचे राजदूतसाहेब घसा खाकरून तेच ते गोड गोड बोलत होते, टेबलापलीकडचे आमचे सरकारी साहेब मान हलवत होते, मी बॅग धरून दारात उभा. तेवढ्यात तू टेबलावरची पाटी वाचलीस आणि म्हणालीस, "सांबू? म्हणजे जोला! तरीच म्हटलं फाईल का झोपलीय. भात हाणून तिच्यावरच डोकं टेकलं असेल साहेबांनी." राजदूतसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. सांबूसाहेबांनी चष्मा काढला. "काय गं, तुझं आडनाव काय?" "सार." "सार? अगं, तुम्ही तर आमचे गुलाम! मालकाशी ही भाषा?" आणि जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याच दुपारी सह्या झाल्या. परत येताना राजदूतसाहेब गाडीत मला विचारत होते, की हे नेमकं काय घडलं. मी म्हटलं, साहेब, घरगुती भांडण होतं, मिटलं.

आता जे बोलायचं टाळतोय ते बोलतो. माझ्या साफीचा व्हिसा. त्या चाळिसांत तिचं नाव नव्हतं, ती स्वतःच्या हिमतीवर नर्सिंगला निघाली होती, आणि कागद अपुरे म्हणून तू नाही म्हणालीस. "काका, तुमची मुलगी म्हणून डोळेझाक केली, तर उद्या या खुर्चीत बसायला मला तोंड राहणार नाही." तुझं खरं होतं. तरी मला राग आला, नाही कशाला म्हणू? दोन दिवस गाडीच्या आरशातूनसुद्धा तुझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी राग गेला, पण तसं सांगायला तोंड उघडलं नाही. बापाचा अहंकार, दुसरं काय! आणि आठवड्याभरात तुझी बदली आली. म्हणजे मी तो राग विमानतळावर काढला, असं तुला वाटलं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. साफी आता इथेच, आमच्या देशातल्या सेंट लुईला शिकतेय, शेवटचं वर्ष आहे, तुझ्यावर तिचा काडीचाही राग नाही.

पण तो हात रागाचा नव्हता गं. लांब निघालेल्या माणसाला आमच्याकडे मुद्दाम डावा हात देतात. जाणूनबुजून चूक करून ठेवायची, म्हणजे उजवा हात मिळवून ती दुरुस्त करायला त्या माणसाला परत यावंच लागतं. दक्षिणेतल्या आमच्या काझामान्सहून डाकारच्या बोटीत चढताना माझ्या आईने मला डावाच दिला होता, आणि मी परत गेलो, ती असतानाच गेलो. परक्याला, नकोशा माणसाला आम्ही रीतसर उजवा देऊन वाटेला लावतो. चार वर्षं आमच्यात राहिलीस, एवढं तुला ठाऊक असेल असं मी धरून चाललो. तुझे डोळे भरलेले बघून उलट सुखावलो, म्हटलं पोरीला निरोप कळला.

हे अक्षर माझं नाही, हे पहिल्याच ओळीत तुझ्या लक्षात आलं असेल. मी सांगतोय आणि सुट्टीला आलेली साफी लिहितेय. मध्येच शाई फिसकटलीय ती तिच्या रडण्याने, माझ्या नाही. यंदा रोजे सुरू व्हायच्या आठवड्यात माझं उजवं अंग गेलं. बोलतो, हसतो, काठीने दारापर्यंत जातो, पण उजवा हात उचलवत नाही. द्रागोशने पाहिलं, तुला कळवू नकोस म्हणून मीच त्याला शपथ घातली. दया येऊन तू यावंस असं मला नको होतं. पण रात्रंदिवस एकच घोकतोय, माझ्या एका हातामुळे पोर एवढं मोठं पद नाकारतेय. पद नको असेल तर खुशाल नाही म्हण, तुझ्या कारणाने म्हण, माझ्या हाताच्या कारणाने नको. आणि आलीस, तर मी दारात खुर्ची टाकून बसलेलो असेन. उजवा हात पुढे करणं आता मला जमायचं नाही, तो मांडीवर पडलेला असेल. तूच वाकून तो उचल, आणि मिळव हात.

तुझाच,
अन्सूकाका