सव्वासातची नोंद

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता वाचनालयाच्या वेबसाइटवर माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने एक नोंद आली. धाकटीला जाऊन सात वर्षं झाली. ती नोंद मी लिहिलेली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, लिहून देणार, वय सत्तर पूर्ण, धंदा वेबसाइट बांधणे आणि दुसऱ्यांनी बिघडवलेल्या दुरुस्त करणे, असे जाहीर करते की माझी बुद्धी शाबूत आहे. वरचा परिच्छेद वाचून शंका आली असेल त्याने शेवटपर्यंत वाचावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी कोणाची छाती झालेली नाही.

कलम १. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. यात वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम २. पुढच्या खोलीतलं कामाचं टेबल, खुर्ची, दोन संगणक आणि कपाटातल्या बॅकअपच्या डिस्क, याही भाचीला. प्रत्येक डिस्कवर तारीख आहे. बॅकअप घेतला की काम झालं असं नव्हे. तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून साइट उभी राहते का हे पाहावं. तोवर ते नुसतं मनाचं समाधान.

कलम ३. माझ्या माजी भागीदाराला माझा प्रिंटर. हा गृहस्थ चालू साइटवर थेट हात घालायचा. "एवढीशी तर ओळ आहे हो बाई," म्हणायचा. त्या एवढ्याशा ओळीने एका बियाणंवाल्याची साइट दिवसभर कोरी पांढरी पडली होती. हा जेवायला गेला, फोन मी घेतले. आधी साइटची नक्कल करावी, बदल तिथे, तपासणीही तिथेच, मग खरी साइट. प्रिंटर कागद अडकवतो. लागेल सवय.

कलम ४. माझ्या सहा वह्या भाचीला. त्यांचं सार असं. बाहेरच्या माणसाने टाकलेला मजकूर, मग तो अभिप्रायाचा एक शब्द का असेना, तपासून आत घ्यावा आणि पडद्यावर दाखवताना पुन्हा निरुपद्रवी करून दाखवावा. कोडशेजारी काय केलं ते लिहू नये, ते दिसतंच. का केलं ते लिहावं. आणि साइट ज्या प्रणालीवर चालते तिच्या मूळ फाइलींना कधीही हात लावू नये. आपला बदल आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. प्रणालीनेच तो जोडायच्या जागा करून ठेवलेल्या असतात. नाहीतर पुढचं अपडेट येतं आणि आपलं काम पुसून जातं. हे मी पंचवीस वर्षं शिकवलं, कधी ओरडून.

कलम ५. हे भाचीने बसून वाचावं.

मी मूळ फाइलीला हात लावला आहे.

धाकटी ग्रंथपाल होती. मी बांधून दिलेल्या वाचनालयाच्या साइटवर रोज एका पुस्तकावर चार ओळी टाकायची. दवाखान्यात जाण्याआधी तिने पुढच्या नोंदी लिहून, तारखा लावून ठेवल्या. ती परत आली नाही, नोंदी मात्र रोज सव्वासातला येत राहिल्या. बाळ, तू तेव्हा लांब शिकायला होतीस. फोनवर म्हणालीस, "मावशी, आजची वाचलीस? आई अजून किती दिवसांचं लिहून गेलीय गं?" मी यादी उघडली. एका पानावर वीस, पानं दोन. चाळीस. मी म्हणाले, "पुष्कळ आहे. तू अभ्यास कर."

एक्केचाळिसाव्या दिवसापासून नोंदी मी लिहिल्या. आजवर अडीच हजार. घड्याळ बघून, हाताने. आगाऊ नोंदींची ती यादी पुन्हा उघडायचा धीर झाला नाही. तिच्या नावाने आत शिरलं की पडद्यावर यायचं, "धाकटी, पुन्हा स्वागत." सात वर्षं रोज. एकदा मी मोठ्याने "ओ" दिली.

प्रणाली प्रत्येक नोंदीचा इतिहास ठेवते: कोणी लिहिली, कधी लिहिली. तू कधी आत डोकावलीस तर तारखा दिसतील, म्हणून तो इतिहास ठेवणारी ओळ मी मूळ फाइलीत जाऊन बंद केली. तेव्हापासून साइट अपडेट केलेली नाही. केली असती तर ती ओळ जिवंत झाली असती.

मंगळवारी सव्वासातला माझी नोंद आली आणि तिच्या डोक्यावर दुसरी: "आज ताई सत्तरीची. आज नोंद नाही. ताई, आता तरी त्या खुर्चीतून ऊठ."

मला ताई म्हणणारं एकच माणूस होतं. ही नोंद कोणाची आणि कधीची, हे इतिहासात सापडलं असतं. इतिहास मीच बुजवलाय. करावं तसं भरावं. मंगळवारपासून खुर्चीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं. मी वळून पाहत नाही.

कलम ६. वाचनालयाची वेबसाइट भाचीला, वरच्या खऱ्या हकिगतीसकट. ठेव किंवा बंद कर. आईचं खातं काढायचं ठरवलंस तर प्रणाली विचारेल, हिच्या नोंदी पुसायच्या की दुसऱ्याच्या नावावर करायच्या? बटण घाईत दाबू नकोस. पहिल्या चाळीस तिच्या आहेत. बाकीच्यांबद्दल मला माफ करायचं की नाही, ते तू ठरव.

सही: लिहून देणार
साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. बुद्धीची खात्री त्यांनी करून घेतली.
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरची शिंपीण.
स्थळ: राहतं घर, पुढची खोली. दिनांक: सदर मंगळवारनंतरचा शुक्रवार.

हवाली केल्याची नोंद, दुसऱ्या दिवशी, शनिवार, दुपार.

भाचीने सगळं वाचलं. म्हणाली, "पाचवं कलम मला ठाऊक आहे. एक्केचाळिसाव्या दिवसापासून आई एकदम शिस्तीची झाली, मावशी. त्याआधी तिच्या नोंदीत मला ओरडा कधी बसत नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लिहायची थांबली असतीस."

मी विचारलं, "मंगळवारची तुझी?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तुझी."

बराच वेळ दोघींपैकी कोणीच खुर्चीमागे पाहिलं नाही.

मग तिने धाकटी दवाखान्यात गेली त्या आठवड्याची डिस्क काढली, नक्कल दुसऱ्या संगणकावर उतरवली आणि आगाऊ नोंदींची यादी उघडली. पान एक, वीस. पान दोन, वीस. कोपऱ्यात बारीकसा बाण होता. तिने तो दाबला. पान तीन, एक नोंद. तारीख, गेला मंगळवार.

"पान उलटायचं राहिलं होतं, मावशी."

सात वर्षं मी रोज तिच्या नावाने आत शिरत होते, आणि ती त्या बाणापलीकडे होती. मी सत्तरीतही याच खुर्चीत असणार, हे तिला तेव्हाच माहीत होतं.

कलम सहामध्ये 'पहिल्या चाळीस' खोडून 'एक्केचाळीस' केलं. शेजारी माझी सही, दोन्ही साक्षीदारांना पुन्हा बोलावून त्यांच्याही.

हवाली केलं ते असं:
किल्ल्या, दोन.
पासवर्डचं पाकीट, एक, बंद.
डिस्क, अकरा.
वह्या, सहा.
खुर्ची, एक. लिहून देणार तिच्यातून उठल्यावर.